तुमचे प्रश्न : तरुण पोरं अतिउजव्या पक्षांना मतं का देतात?

मागच्या अंकात युरोपातल्या निवडणुकांवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की अतिउजवे पक्ष आता कॉलेजच्या वयाच्या मतदारांमध्येही जोरात चालतायत. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की आजचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. आमच्या पिढीच्या डोक्यात तरुण म्हणजे बंडखोर, डावा, निदान उदारमतवादी असं समीकरण पक्कं बसलेलं आहे. मग जर्मनीसारख्या देशात, जिथे शाळेत हिटलरचा काळ इतका बारकाईने शिकवतात, तिथली अठरा-वीस वर्षांची मुलं एएफडी या अतिउजव्या पक्षाला मत कशी देतात? शिक्षण कमी पडतंय की बुद्धी?

सर नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य मला थोडं टोचलं, कारण "बुद्धी कमी" म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. तरुण म्हणजे डावा हे समीकरण १९६८ च्या पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे वगैरे डोक्यात बसलंय, पण त्याच्या आधीचं बघितलं तर चित्र वेगळंच दिसतं. नाझींच्या विद्यार्थी संघाने जर्मनीतल्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेचा ताबा १९३१ मध्येच घेतला होता, हिटलर चॅन्सेलर व्हायच्या दीड वर्ष आधी. म्हणजे देश हातात यायच्या आधी कॉलेजं आली होती. ती शिकलेली पोरं होती, डिग्री होती आणि पुढे काही दिसत नव्हतं, १९३२ च्या सुरुवातीला देशात ६० लाखांच्या आसपास बेकार होते. आजची तुलना मी सरळ त्या काळाशी करत नाहीये, आजचा जर्मनी श्रीमंत देश आहे. एवढंच म्हणायचंय की वय कमी म्हणून माणूस आपोआप एका बाजूला जातो असं कधीच नव्हतं.

आता आकडे बघा, कारण या विषयात अर्धवट आकडे फार फिरतात. २०१९ च्या युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत जर्मनीतल्या पंचविशीच्या आतल्या मतदारांपैकी ३४ टक्के पर्यावरणवादी ग्रीन पक्षाकडे होते आणि एएफडीकडे फक्त ५ टक्के. २०२४ मध्ये त्याच वयोगटात ग्रीन ११ वर आले आणि एएफडी १६ वर गेली. मग फेब्रुवारी २०२५ ला देशाची निवडणूक झाली त्यात १८ ते २४ वयात एएफडीला साधारण २१ टक्के मिळाले, आणि सगळ्यांनी हेडलाइन केली की तरुण उजवे झाले. पण त्या वयात पहिला नंबर एएफडीचा नव्हताच, तो होता डी लिंके या डाव्या पक्षाचा, साधारण २५ टक्के! आणि ज्या दोन मोठ्या पक्षांनी इतकी वर्षं आलटून पालटून देश चालवला त्या दोघांना मिळून या वयात जेमतेम पाव हिस्सा. शिवाय एएफडीला सगळ्या देशातच २०.८ टक्के मिळाले, म्हणजे पोरं देशापेक्षा जास्त उजवी नाहीयेत, देशाएवढीच आहेत. त्यांचा सगळ्यात मोठा आधार ३५ ते ४४ वयाच्या लोकांमध्ये होता, आणि सगळ्यात कमी सत्तरीच्या पुढच्यांमध्ये. आधी तरुण या लाटेत अपवाद होते, आता ते अपवाद राहिले नाहीत, ही खरी बातमी आहे.

म्हणून मी प्रश्न असा विचारते की पोरं मधल्या पक्षांना सोडून का चालली. कारण बाहेर पडायचे दरवाजे दोन आहेत आणि त्यातला एक आपल्याला भीतीदायक वाटतो म्हणून आपण त्याच्याकडेच बघत बसतो.

पोलंडचं उदाहरण मला यासाठी सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. तिथे २००५ पासून सत्ता दोनच पक्षांच्या हातात फिरतेय, कधी तुस्क यांचा तर कधी काचिन्स्की यांचा, आणि ही दोघं एकमेकांना शिव्या घालण्यात वीस वर्षं गेली. २०२५ ला पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायला आलेला अठरा वर्षांचा मुलगा २००७ चा जन्मलेला, त्याने जन्मभर हे एकच भांडण बघितलंय. मे २०२५ च्या पहिल्या फेरीत तिशीच्या आतल्या मतदारांनी काय केलं तर कॉन्फेडरेशन या कट्टर उजव्या आघाडीच्या स्लावोमिर मेंत्झेनला तिघांतल्या एकाहून जास्त मतं दिली, देशभरात त्याला १४.८ टक्केच होते. आणि दुसऱ्या नंबरवर कोण? आद्रियान झांडबर्ग, पक्का डावा, ज्याला देशात ५ टक्केही मिळाले नाहीत. एक म्हणतो टॅक्स कमी करा, दुसरा म्हणतो सरकारने घरं बांधावीत, दोघांचं कशातच जुळत नाही, पण हे दोघंही त्या वीस वर्षांच्या भांडणाच्या बाहेरचे.

आणि सर, शिक्षणाबद्दल. शाळेत इतिहास शिकवतात हे खरंय, पण मुलं जे शिकतात ते संपलेल्या गोष्टीसारखं, गणवेश, मशाली, छावण्या. समोर येतो तो माणूस मात्र सूटमध्ये असतो, हसतमुख असतो, सेल्फी देतो. थुरिंगियातला एएफडीचा नेता ब्यॉर्न ह्योके हा स्वतः इतिहासाचा शिक्षक होता, नाझींच्या एसए संघटनेची घोषणा भाषणात वापरली म्हणून कोर्टाने त्याला २०२४ मध्ये दोनदा दंड केला, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्याचा पक्ष त्या राज्यात ३२.८ टक्के घेऊन पहिला आला. तिथे तर १८ ते २४ वयात प्रमाण देशाच्या कितीतरी वर होतं, ३८ टक्के. मला हे लिहिताना त्रास होतो, पण आहे हे असं आहे.

अजून एक गोष्ट जी आपल्या वयाच्या लोकांच्या लक्षात येत नाही. "अति" हा शब्द आपण वापरतो कारण आपल्याला मधलं काय होतं ते आठवतं. फ्रान्समध्ये २१ एप्रिल २००२ ला आजच्या नॅशनल रॅली या अतिउजव्या पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन यांचे वडील जाँ-मारी ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले तेव्हा देश हादरला होता, १ मे ला दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले आणि डाव्यांनीसुद्धा नाक मुठीत धरून शिराकना मतं दिली, ८२ टक्के पडली त्यांना. मग २०१७ ला मुलगी दुसऱ्या फेरीत, ३४ टक्के. २०२२ ला परत, ४१.५ टक्के, आणि रस्त्यावर फारसं कुणी नाही. २०२४ ला पहिलं मत देणारा मुलगा २००६ चा, त्याला तो एप्रिल माहितीच नाही. त्याच्यासाठी हा पक्ष नेहमी होता, टीव्हीवर होता, संसदेत होता, आणि त्याचा अध्यक्ष जॉर्दान बार्देला १९९५ चा जन्मलेला. त्याला कुणी सांगितलं की हे लोक धोकादायक आहेत तर तो विचारतो, मग इतकी वर्षं इथे काय करतायत?

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे आणि मला राग येतो जेव्हा सगळे म्हणतात की घरभाडं आणि नोकरीमुळे पोरं तिकडे गेली. हा बहाणा नाही का? शेवटी बाहेरून आलेल्या लोकांचा द्वेषच आहे ना तो, मग तसं सरळ म्हणा ना.

तुझा राग मला पटतो आणि तुझं अर्धं म्हणणंही पटतं. मतदारांचा अभ्यास करणारे लोक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की या पक्षांना कोण मत देणार हे ओळखायचं असेल तर पगार विचारून फारसं कळत नाही, स्थलांतराबद्दल काय वाटतं ते विचारलं की कळतं. त्यामुळे "बिचारी पोरं, महागाईने गांजली" एवढंच लिहून मी मोकळी होणार नाही. पण घर खोटं आहे का? ते खोटं नाहीये रे, आणि तिथेच सगळी गुंतागुंत आहे.

पोर्तुगाल बघ. शेगा नावाचा अतिउजवा पक्ष २०१९ ला आंद्रे व्हेंतुराने काढला, त्या वर्षी २३० जणांच्या संसदेत तो एकटा निवडून आला. २०२२ मध्ये १२, मार्च २०२४ मध्ये ५०, मे २०२५ मध्ये ६०. सालाझारने उभी केलेली हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये सैनिकांनीच उलथवली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकीत फुलं खोवली, त्याला बरोबर पन्नास वर्षं होत होती तेव्हा हे ५० आले. आता तिथला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी डोळ्यासमोर आण. २०२५ ला किमान पगार महिना ८७० युरो, आणि लिस्बनमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर पूर्ण पगार देऊनही भागत नाही. मग एक तर आईबापाकडे राहायचं नाहीतर देश सोडायचा. हे असं का झालं? २०१२ पासून घर विकत घेणाऱ्या श्रीमंत परदेशी लोकांना व्हिसा दिला, शहराच्या मधले वाडे टुरिस्टांना भाड्याने गेले, पगार त्या मानाने वाढले नाहीत आणि सरकारी घरं एकूण घरांच्या जेमतेम २ टक्के. यातलं काहीच भाजी तोडायला आलेल्या मजुराने केलेलं नाही. पण व्हेंतुरा बोट दाखवतो ते त्याच्याकडे आणि रोमा या अल्पसंख्य समाजाकडे, वर भ्रष्टाचाराचा मुद्दा. आणि नेमकं नोव्हेंबर २०२३ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीवरून पंतप्रधान कोस्टांना राजीनामा द्यावा लागला, म्हणजे त्याच्या हातात आयतंच आलं.

नेदरलँड्समध्ये तर बोट अजून सरळ होतं. तिथे साधारण ४ लाख घरांचा तुटवडा आहे असं सरकारी अंदाज सांगतात. तिथले अतिउजवे नेते गिर्ट विल्डर्स यांचं म्हणणं एका वाक्यात बसायचं, की आश्रय घेतलेल्या निर्वासितांना सरकारी घर आधी मिळतं आणि आपला पोरगा वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टमध्ये. काही नगरपालिका निर्वासितांना प्राधान्य देत होत्या हे खरं होतं, म्हणूनच ते चिकटलं. पण तुटवड्यातला त्यांचा वाटा लहान, खरी कारणं म्हणजे बरीच वर्षं घरं कमी बांधली, एकटी राहणारी माणसं वाढली, काम आणि शिक्षणासाठी लोक आले, आणि २०१९ मध्ये नायट्रोजन प्रदूषणावरून कोर्टाचा निकाल आला त्याने कितीतरी बांधकामं अडकली. आता "नायट्रोजन" वर प्रचार करून बघ, कोण ऐकणार. नोव्हेंबर २०२३ ला विल्डर्सच्या पक्षाला १५० पैकी ३७ जागा मिळाल्या, पहिला नंबर. सरकारात आले, आणि ३ जून २०२५ ला आश्रयाच्या नियमांवरून स्वतःच बाहेर पडून सरकार पाडलं, वर्षही पूर्ण झालं नव्हतं. वेटिंग लिस्ट होती तिथेच आहे.

म्हणून तुला माझं उत्तर असं, की तेच भाडं भरणारी दोन पोरं असतात, एक डावीकडे जातं एक उजवीकडे. त्रास दोघांचा खरा. फरक पडतो तो दोष कुणाचा यावर, घरमालकाचा आणि सरकारचा की शेजारी आलेल्या परक्याचा. दुसरं उत्तर चुकीचं आहे असं मी ठामपणे म्हणते. पण ते उत्तर स्वीकारणारा प्रत्येक जण आधीपासून द्वेषाने भरलेला होता असंही मला म्हणता येत नाही, कितीतरी जण आधी वैतागलेले असतात आणि द्वेष नंतर शिकतात, पक्षाकडूनच शिकतात.

आणि शब्दांबद्दल एक, कारण तू सरळ म्हणा म्हणालास. कास मुडे हे डच अभ्यासक एक फरक करतात तो मला कामाचा वाटतो. काही अतिउजवे लोकशाहीच नाकारतात. दुसरे निवडणुका मानतात, पण बहुमत आलं की अल्पसंख्याकांचे हक्क, स्वतंत्र कोर्ट, विरोधी मत यांना किंमत देत नाहीत. आज ज्यांना पोरांची मतं पडतायत ते पक्ष बहुतेक दुसऱ्या प्रकारचे, कडेला पहिल्या प्रकारचे लोक घेऊन चालणारे.

प्रश्न : हे सगळं टिकटॉकमुळे झालंय असं नाही का वाटत? बंद करून टाकलं तर?

टिकटॉकने मदत केली हे नक्की. बार्देलाचे व्हिडिओ बघितले तर अर्ध्यात राजकारणच नसतं, खातोय, पितोय, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, आणि पोरांना वाटतं हा आपल्यातला. एएफडीचे खासदार तर संसदेतलं भाषणच क्लिपसाठी करतात, दोन मिनिटं, एक टोमणा, संपलं. बाकीचे पक्ष तेव्हा कुठे होते? तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ यांचं टिकटॉक खातं एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालं, तोपर्यंत मैदान मोकळंच होतं.

पण मग जानेवारी २०२५ मध्ये काय झालं बघा. उजव्या-मध्य पक्षाने स्थलांतरावरचा एक ठराव एएफडीच्या मतांवर पास करून घेतला आणि त्यावर डी लिंकेच्या हायडी राइखिनेक संसदेत अशा काही तडकून बोलल्या की ती क्लिप लाखो पोरांच्या फोनवर पोचली. पोल्समध्ये ५ टक्क्यांच्या खाली असलेला, संपला म्हणून सोडून दिलेला पक्ष महिन्याभरात ८.८ वर गेला. ॲप तेच, अल्गोरिदम तोच.

रोमानियाचं तर मुद्दाम सांगते. नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कॅलिन जॉर्जेस्कू नावाचा, फारसा कुणाला माहीत नसलेला अतिउजवा उमेदवार टिकटॉकच्या जोरावर पहिल्या फेरीत पहिला आला, गुप्तचर यंत्रणांनी संशयास्पद खात्यांचा अहवाल दिला आणि ६ डिसेंबरला कोर्टाने पूर्ण निवडणूकच रद्द केली. मे २०२५ ला परत घेतली, जॉर्जेस्कूला उभंही राहू दिलं नाही. तर त्याच बाजूचा जॉर्ज सिमियॉन पहिल्या फेरीत ४१ टक्के घेऊन गेला! शेवटी त्याच्या विरोधातले निकुशोर दान ५३.६ टक्के मतं घेऊन जिंकले, पण त्या ४१ टक्के लोकांचा वैताग काही ॲपने तयार केलेला नव्हता हे त्यातून दिसलंच. त्यामुळे बंद करून काही होईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : मतदानाचं वय १६ केल्यामुळे हे वाढलं का?

नाही. ऑस्ट्रियात २००७ पासून १६ आहे आणि तिथले अतिउजवे त्याच्या कितीतरी आधीपासून जोरात होते. पोलंड, पोर्तुगाल, फ्रान्समध्ये १८ च आहे.

प्रश्न : ताई, मुलं आणि मुली यात एवढा फरक का पडतो? माझ्या वाचनात आलं की मुलगे उजवीकडे आणि मुली डावीकडे चालल्यात. एकाच घरात वाढलेली भावंडं असतात ना ती?

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण माझ्या मते यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच. जर्मनीत २०२५ ला १८ ते २४ वयाच्या मुलग्यांमध्ये एएफडी पहिली, चारात एकाच्या पुढे. त्याच वयाच्या मुलींमध्ये डी लिंके पहिली, तिघींत एकीच्या आसपास. एकच वर्ग, एकच शाळा, आणि दोन वेगळे देश असल्यासारखं मतदान.

एएफडीचे मॅक्झिमिलियन क्रा, २०२४ च्या युरोपियन निवडणुकीतले त्यांचे मुख्य उमेदवार, यांचा एक छोटा व्हिडिओ खूप फिरला होता. त्यात ते तरुण मुलांना सांगतात की तीनातल्या एकाला कधी गर्लफ्रेंडच मिळालेली नाही, तू त्यातला आहेस का, मग पॉर्न बघू नको, ग्रीनला मत देऊ नको, बाहेर मोकळ्या हवेत जा, आत्मविश्वास ठेव, आणि खरे पुरुष उजवे असतात. हसण्यावारी नेणं फार सोपं आहे आणि जर्मनीत बऱ्याच जणांनी नेलं. पण मी तो एकटेपणाच्या बाजूने ऐकून बघितला. एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, खोलीत एकटा आहे, कोरोनात शाळा बंद होती तेव्हा कितीतरी महिने स्क्रीनसमोर गेले, मित्र विखुरले, आणि कुणीतरी सूट घातलेला माणूस थेट त्याच्याकडे बघून म्हणतो की तुझा एकटेपणा मला माहितीय. पुढचं सगळं विष आहे, पण पहिलं वाक्य त्याच्याशी बोललेलं आहे. दुसऱ्या कुठल्या पक्षाने त्या मुलाशी एक वाक्य तरी बोललं? त्याला बहुतेक ठिकाणी ऐकू येतं ते हे की तू प्रॉब्लेमचा भाग आहेस.

मुलींचं उलट आहे. त्यांनी या पक्षांचं गर्भपाताबद्दल, "पारंपरिक कुटुंबा"बद्दल काय म्हणणं आहे ते ऐकलंय, आणि त्यात आपल्याला काय गमवावं लागेल हे त्यांना नीट कळतं. युरोपात बहुतेक देशांत आज डिग्री घेण्यात मुली पुढे आहेत. पूर्व जर्मनीत तर १९९० नंतर कारखाने बंद पडले तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्यांत तरुण मुली जास्त होत्या, गावंच्या गावं अशी राहिली जिथे मुलगे उरले, आईबाप म्हातारे झाले, शाळा बंद, बस बंद. त्या गावांत एएफडीला भरभरून मतं का पडतात हे नुसतं टिकटॉकने कसं समजणार?

दक्षिण कोरियातही हेच दिसलं, तिथला पक्ष अतिउजवा नव्हता, साधा कंझर्व्हेटिव्ह होता, पण २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या एक्झिट पोलमध्ये विशीतल्या ५८.७ टक्के मुलग्यांनी त्या पक्षाच्या यून यांना मत दिलं आणि मुलींपैकी ३३.८ टक्क्यांनी. यून यांचं एक आश्वासन होतं स्त्री-पुरुष समानतेचं मंत्रालय बंद करण्याचं. मुलग्यांना सांगितलं गेलं की तुमची जागा हिने घेतली. विल्डर्सच्या त्या वेटिंग लिस्टसारखंच आहे बघा हे, तिथे निर्वासित पुढे घुसला म्हणायचं, इथे बहीण.

प्रश्न : या सगळ्या देशांना एकच रोग आहे असं तुम्ही म्हणताय का?

नाही, आणि असं सरसकट कुणी म्हणालं तर मी सावध होते. ब्रिटनमध्ये घरांचे हाल कमी नाहीत, तरी जुलै २०२४ ला रिफॉर्म यूके या कट्टर उजव्या पक्षाला देशात १४.३ टक्के मिळाले आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये त्याहून बरेच कमी, तिथली पोरं रिफॉर्मपेक्षा ग्रीनकडे जास्त गेली. फ्रान्समध्ये २०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत १८ ते २४ वयातल्या जवळपास निम्म्यांनी डाव्या आघाडीला मत दिलं आणि साधारण एक तृतीयांश बार्देलाच्या बाजूला. जिथे डावीकडे कुणीतरी जोरात बोलणारा असतो तिथे पोरं वाटली जातात. जिथे नसतो तिथे एकच दरवाजा उघडा राहतो.

एक मात्र बऱ्याच ठिकाणी सारखं आहे, वयाचं गणित. जर्मनीत २०२५ ला मतदारांपैकी ४२ टक्के साठीच्या पुढचे होते आणि तिशीच्या आतले १३ टक्के. आता तुम्ही पक्ष चालवत असाल तर पेन्शनवर बोलाल की हॉस्टेलच्या भाड्यावर? कोरोनात घरी बसा म्हटलं तर पोरं बसली, आजीआजोबांसाठी बसली, आणि नंतर त्यांच्याकडे परत कुणी वळून बघितलं नाही असं त्यांना वाटतं. मला त्यात तथ्य वाटतं. शेल कंपनीच्या पैशाने तिथे दर काही वर्षांनी तरुणांचा मोठा अभ्यास होतो, २०२४ च्या अभ्यासात ८१ टक्के पोरांना युरोपात युद्ध होईल याची भीती होती आणि ६७ टक्क्यांना गरिबी येईल याची. एवढी भीती घेऊन मतदान केंद्रावर जाणाऱ्याला "सगळं ठीक चाललंय, आम्हीच राहू द्या" म्हणणारा पक्ष आवडेल कसा?

प्रश्न : माझा मुलगा मास्टर्ससाठी जर्मनीत आहे. त्याच्या ग्रुपमधला एक जर्मन मुलगा त्याचा खूप चांगला मित्र झालाय, आजारी होता तेव्हा डॉक्टरकडे घेऊन गेला, घरी जेवायला बोलावतो. मागच्या आठवड्यात बोलता बोलता तो म्हणाला की मी एएफडीला मत दिलं. मुलगा गोंधळलाय, मला विचारतो आई मी त्याच्याशी कसं वागू. तो म्हणाला म्हणे, "तू वेगळा आहेस, तुझ्यासारख्यांबद्दल नाहीये ते." काय सांगू त्याला?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे सांगते की त्या मुलाचा चांगुलपणा खोटा नाही. माणूस ओळखीच्या माणसाशी एक असतो आणि न बघितलेल्या गर्दीबद्दल दुसरा असतो, दोन्ही खरं असतं.

पण "तू वेगळा आहेस" हे वाक्य मात्र तसंच सोडून देऊ नये असं मला वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये करेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या टीमने बातमी फोडली की पोट्सडामजवळच्या एका हॉटेलात एएफडीचे काही लोक आणि कट्टरपंथी एकत्र बसून परदेशी मुळाच्या लोकांना मोठ्या संख्येने बाहेर काढण्यावर बोलले होते, त्यानंतर जर्मनीभर लाखो लोक निषेधाला रस्त्यावर आले. बैठकीतल्या लोकांचा शब्द होता "रीमायग्रेशन", म्हणजे परत पाठवणी. तेव्हा पक्षाचे नेते त्या बैठकीशी पक्षाचा संबंध नाही म्हणाले, आणि वर्षभराने जानेवारी २०२५ च्या अधिवेशनात पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेल यांनी स्टेजवरून तोच शब्द उघडपणे वापरला. मित्राच्या मनात तुमचा मुलगा वेगळा असेल, पण व्हिसा ऑफिसच्या खिडकीवर तसा कॉलम नसतो. रस्त्यावर रात्री कुणी शिवी घातली तर तो आधी विचारत नाही की तू कुठल्या ग्रुपमधला.

मैत्री तोड असं मी सांगणार नाही. एक तर परक्या देशात एकटं पडणं वाईट, आणि दुसरं म्हणजे त्या जर्मन मुलाच्या आयुष्यात तुमचा मुलगा कदाचित एकुलता एक परदेशी मित्र असेल. वाद घालून कुणी बदलत नाही हे मी स्वतः बघितलंय, आकडे फेकले की समोरचा अजून घट्ट होतो. तुमच्या मुलाने त्याला बसवून शांतपणे विचारावं, की तुला नेमकं काय हवं होतं त्या मतातून? राहायला जागा? नोकरीची खात्री? गावाला परत बस सुरू व्हायला हवी? आणि जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यावं, मध्ये बोलू नये, हे अवघड आहे तरी. मग दुसरा प्रश्न, की माझ्यासारखे लोक निघून गेले तर यातलं काय तुला मिळेल? आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, स्वतःचं सांगावं. त्या पक्षाची पोस्टर्स रस्त्यावर लागली की ट्राममध्ये बसताना याला काय वाटतं, आई फोनवर काय विचारते, तो रात्री कुठल्या रस्त्याने येतो आणि कुठला टाळतो. हे त्या मित्राला आजपर्यंत कुणी सांगितलेलंच नसेल.

काय बोलणं झालं ते मला नक्की कळवा, छापायचं नसेल तरी कळवा.